विषादरोगाचे भेद व रक्ताची साक्ष

इ. स. १९८१ च्या जानेवारींत अमेरिकेंतील 'आर्काइव्ज ऑफ जनरल सायकिॲट्री' या मासिकांत बर्नार्ड कॅरल व त्यांचे सहकारी यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. विषादरोगाचा मेलॅन्कोलिया नांवाचा जो तीव्र व प्राचीन काळापासून वर्णिलेला प्रकार, तो इतर प्रकारांपासून वेगळा काढणारी प्रयोगशाळेंतील कसोटी हातीं आली आहे, असें त्यांत प्रतिपादन होतें. पुढील चारपांच वर्षें या कसोटीचा फार बोलबाला झाला. आणि दहा वर्षें भरलीं न भरलीं तोंच नित्याच्या चिकित्सेंतून ती जवळजवळ नाहींशी झाली. कसोटी खोटी ठरली म्हणून टाकली, असें सामान्यतः सांगण्यांत येतें. आमच्या मतें हें अर्धेंच खरें आहे. कसोटींत दोष होते. परंतु ज्या रोगवर्गांवर ती घासून पाहिली गेली ते वर्गच मध्यंतरीं बदलले होते, ही गोष्ट बहुधा नजरेआड होते. ते कसे व कां बदलले हें पाहण्यास बरेंच मागें जावें लागतें.

'मेलॅन्कोलिया' हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ काळें पित्त. म्हणजे या रोगाचें नांव हीच मुळीं एक रासायनिक उपपत्ति आहे. हिपॉक्रेटिसच्या नांवावर मोडणाऱ्या ग्रंथांत भय व खिन्नता दीर्घकाल टिकल्यास तें मेलॅन्कोलियाचें चिन्ह समजावें असें सांगितलें आहे. गॅलेननें ही उपपत्ति पक्की करून पुढील शतकांच्या हवालीं केली. तें काळें पित्त कोणीं कधीं वेगळें काढून दाखविलें नाहीं. परंतु रोग मनाचा दिसला तरी त्याचें बीज शरीरांतील द्रवांत असावें, ही त्यामागील कल्पना टिकाऊ ठरली. शब्दाची व्याप्ति मात्र पसरत गेली, इतकी कीं रॉबर्ट बर्टन यांनीं १६२१ सालीं या विषयावर जो प्रचंड ग्रंथ लिहिला त्यांत प्रेमविकारापासून धर्मवेडापर्यंत सर्व कांहीं येऊन बसलें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींत एमिल क्रेपेलिन यांनीं हा पसारा आवरला. रोग्याच्या आजच्या अवस्थेवर न थांबतां आजाराचा आरंभ, क्रम व शेवट पाहून वर्ग पाडावेत, ही त्यांची रीति. आपल्या ग्रंथाच्या १८९९ सालच्या सहाव्या आवृत्तींत त्यांनीं उन्मादाचे, विषादाचे व दोहोंचे आळीपाळीनें येणारे झटके या सर्वांस 'मॅनिक-डिप्रेसिव्ह' असें एकच नांव दिलें. उतारवयांतील मेलॅन्कोलिया तेवढा त्यांनीं वेगळा ठेविला होता. परंतु ड्रेफस नांवाच्या तरुण वैद्यानें हायडेलबर्ग येथील त्याच रोग्यांचा पुन्हा मागोवा घेऊन १९०७ सालीं दाखविलें कीं हा वर्ग वेगळा राखण्यास आधार नाहीं. आणि क्रेपेलिन यांनीं तोही मोडला. जुनें दफ्तर पुन्हा उघडून ज्येष्ठाचा सिद्धांत तरुणानें तपासावा आणि ज्येष्ठानें तो निकाल मान्य करावा, हें दृश्य आमच्या क्षेत्रांतही विरळाच.

याच सुमारास, १९०४ च्या आगेमागें, अमेरिकेंत ॲडॉल्फ मायर यांनीं 'मेलॅन्कोलिया' हा शब्द सोडून द्यावा व 'डिप्रेशन' म्हणावें असें सुचविलें. जुन्या शब्दांत आपल्यास जें ठाऊक नाहीं तें ठाऊक असल्याचा आव आहे, असें त्यांचें म्हणणें. नवा शब्द नम्र होता खरा. परंतु दुकानांत तोटा आल्यामुळें चार महिने उदास असलेला मनुष्य, आणि अन्नपाणी टाकून, पहाटे तीनला जागा होऊन, आपण महापातकी आहों असें पुटपुटत बसलेला मनुष्य, या दोघांसही तो सारखाच लागूं लागला. पुढील पुष्कळसा गोंधळ या नम्रतेंतून निघाला आहे.

हे दोन रोगी एकाच रोगाच्या दोन पायऱ्या, कीं दोन स्वतंत्र रोग, यावर इंग्लंडांत मोठा वाद झाला. मॅपदर यांनीं १९२६ सालीं भेद केवळ तीव्रतेचा आहे असें मत दिलें. गिलेस्पी यांनीं १९२९ सालीं त्याच्या उलट बाजू मांडली. त्यांची खूण साधी व निरीक्षणाची होती : कांहीं रोग्यांची खिन्नता भोंवतालच्या घडामोडींबरोबर चढउतार करिते, कांहींची करीत नाहीं. दूरदेशीं गेलेला मुलगा परत आला तरी या दुसऱ्या रोग्याचा चेहरा हलत नाहीं; रोग आपल्याच चालीनें चालतो. परिस्थितीनें उपजलेला व अंतर्जात अशी ही विभागणी. वाचकांस येथें आयुर्वेदांतील आगंतु व निज या भेदाची आठवण होईल. साम्य आहे, परंतु वरवरचें, व तें फार ताणूं नये. पुढें १९३४ सालीं ऑब्री लुईस यांनीं मॉड्स्ली रुग्णालयांतील ६१ रोग्यांचा अत्यंत बारकाईनें अभ्यास करून अशी रेषा ओढतां येत नाहीं असा निष्कर्ष काढला, व त्यांच्या अधिकारामुळें लंडनकडील मत बराच काळ त्या बाजूस झुकलें. न्यूकॅसल येथें रॉथ व त्यांचे सहकारी यांनीं १९६० नंतरच्या दशकांत लक्षणांचें गणित मांडून दोन वर्ग पुन्हा उभे केले. केंडेल यांनीं १९६८ सालीं तसल्याच गणितानें ते पुन्हा एक केले. केवळ लक्षणांच्या साक्षीवर हा दावा निकालांत निघणार नाहीं, हें यावरून उघड झालें. साक्षीदार दुसऱ्या जातीचा पाहिजे होता.

असा साक्षीदार मिळूं शकतो यास आधार होता. वेड्यांच्या इस्पितळांत भरलेल्या रोग्यांपैकीं पुष्कळांस 'जनरल पॅरालिसिस' नांवाचा विकार असे. वासरमन यांची रक्तकसोटी १९०६ सालीं निघाली, आणि १९१३ सालीं नोगुची व मूर यांनीं अशा रोग्यांच्या मेंदूंत उपदंशाचे जंतु दाखविले. तेव्हां एक संपूर्ण रोग इतर वेडांपासून सुटा झाला. नॉर्वेमध्यें १९३४ सालीं फॉलिंग यांनीं मतिमंद मुलांच्या मूत्रांत फेरिक क्लोराइड टाकलें असतां हिरवा रंग येतो या एका खुणेवरून मतिमांद्याचा एक निराळा, जन्मजात प्रकार शोधून काढला. मग विषादाचेंच असें कां होऊं नये, हा प्रश्न साहजिक होता.

पहिलें उत्तर आलें तें एका औषधी मुळीच्या वाटेनें, आणि त्या वाटेवर मुंबईचा टप्पा आहे. सर्पगंधेचा उपयोग वेड व वाढलेला रक्तदाब यांवर होतो, हें गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें होतें. मुंबईचे हृदयरोगचिकित्सक रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें छापला, व पाश्चात्य वैद्यांचें लक्ष या मुळीकडे ओढलें गेलें. स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या रसायनज्ञांनीं १९५२ सालीं तींतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें. रक्तदाबासाठीं रेसर्पिन घेणाऱ्यांपैकीं कांहीं रोगी खोल विषादांत जातात, असें वृत्त लौकरच येऊं लागलें. आणि १९५५ सालीं अमेरिकेंत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेंत दिसलें कीं हें द्रव्य शरीरांतील सेरोटोनिनचा सांठा रिता करितें. इकडे कून यांचें इमिप्रामिन व क्लाइन यांचें इप्रोनायाझिड हीं विषादावरील औषधें १९५७ सालीं पुढें आलीं, व तीं असल्याच द्रव्यांचा मेंदूंतील व्यवहार वाढवितात असें आढळलें. दोन टोकें जुळलीं. शिल्डक्राउट यांनीं १९६५ सालीं नॉरॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांची उणीव ही विषादाच्या मुळाशीं असावी अशी उपपत्ति मांडली. इंग्लंडांत कॉपन यांनीं सेरोटोनिनवर भर दिला.

येथें एक विरुद्ध कागद नोंदविणें अवश्य आहे. त्याच १९५५ सालीं डेव्हिस व शेफर्ड यांनीं लंडन येथें चिंताग्रस्त व विषण्ण रोग्यांस रेसर्पिन देऊन पाहिलें, तों त्यांस उलट गुण आला. हा लेख 'लॅन्सेट'सारख्या नामांकित पत्रांत छापला गेला होता. तरीहि उपपत्तीच्या भरांत तो बहुतेकांनीं वाचला नाहीं, किंवा वाचून बाजूस ठेविला. प्रतिकूल साधन दडपलें जात नाहीं, तें नुसतें उद्धृत होत नाहीं. एवढ्यानेंही काम भागतें.

या उपपत्तीवरून विषादाचे भेद करण्याचे यत्न झाले ते असे. नॉरॲड्रेनॅलिनचा एक अवशेष मूत्रांतून बाहेर पडतो. तो कमी असणारे व अधिक असणारे असे दोन वर्ग कल्पिले गेले, व कोणास कोणतें औषध लागू पडेल हें त्यावरून सांगतां येईल अशी आशा होती. ती फळली नाहीं. मूत्रांत येणाऱ्या या द्रव्यापैकीं मेंदूंतून आलेलें किती, हेंच निश्चित होईना. स्वीडनमध्यें मारी ओस्बर्ग यांनीं १९७६ सालीं कण्यांतील द्रवांत सेरोटोनिनचा अवशेष मोजून 'सेरोटोनिन-विषाद' हा पोटवर्ग असावा काय, असा प्रश्न विचारला. प्रश्नचिन्ह लेखाच्या मथळ्यांतच होतें, हें त्या बाईंच्या विवेकाचें द्योतक आहे. पोटवर्ग पुढें टिकला नाहीं; परंतु हा अवशेष ज्यांत अल्प होता त्या रोग्यांत आत्मघाताचे, विशेषतः उग्र रीतीच्या आत्मघाताचे, प्रयत्न अधिक, हें निरीक्षण मात्र इतरांसही आढळलें. साधन एका प्रश्नासाठीं शोधावें व त्यानें दुसऱ्याच प्रश्नाचें उत्तर द्यावें, असा हा प्रकार.

दुसरी वाट ग्रंथींची. हार्वे कुशिंग यांनीं १९३२ सालीं पिट्युटरी ग्रंथीच्या एका विकाराचें वर्णन केलें, तो आज त्यांच्या नांवानें ओळखिला जातो. या रोग्यांच्या शरीरांत कॉर्टिसॉल बेसुमार वाढतें, आणि त्यांच्यांत विषाद वारंवार दिसतो. याच्या उलट, जे मुळीं विषादानेंच आजारी आहेत त्यांच्या रक्तांत कॉर्टिसॉल किती, हें १९५६ सालीं बोर्ड, पर्स्की व हॅम्बर्ग यांनीं आणि १९६२ सालीं गिबन्स व मक्‌ह्यू यांनीं मोजलें; तें वाढलेलें होतें, व रोग हटला तसें उतरलें. तथापि आजारपणाच्या कोणत्याही ताणानें कॉर्टिसॉल वाढतें, हा आक्षेप उभाच होता.

येथें डेक्सामेथॅसोन कामास आलें. पिट्युटरी ग्रंथि मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींस हुकूम करिते, व त्या कॉर्टिसॉल सोडतात. रक्तांत तें पुरेसें झालें कीं ती वार्ता वर पोंचून हुकूम थांबतो. डेक्सामेथॅसोन ही कॉर्टिसॉलची कृत्रिम व फार जोरकस भावंड. रात्रीं तिची अल्प मात्रा दिली तर निरोगी माणसांत पुढील अहोरात्र कॉर्टिसॉल दबून राहतें. कुशिंगच्या विकारांत तें दबत नाहीं. म्हणून लिडल यांनीं १९६० सालीं त्या विकाराच्या निदानासाठीं ही परीक्षा बसविली होती. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें कॅरल, मार्टिन व डेव्हिस यांनीं ती तीव्र विषादाच्या रोग्यांवर लाविली. त्यांच्यापैकीं पुष्कळांत कॉर्टिसॉल दबलें नाहीं, आणि रोग बरा झाल्यावर मात्र दबूं लागलें. हें वृत्त १९६८ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें आलें. नुसता ताण हें कारण असतें तर इतर आजारी मनोरुग्णांतही असेंच व्हावयास पाहिजे होतें. तसें त्यांस फारसें दिसलें नाहीं. म्हणजे बिघाड कॉर्टिसॉलच्या प्रमाणांत नव्हे, तर त्यास आवरणाऱ्या व्यवस्थेंत होता.

कॅरल नंतर अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठांत गेले, व तेथील कामाचें फळ म्हणजे आरंभीं सांगितलेला १९८१ चा लेख. त्यांत ४३८ व्यक्तींची परीक्षा आहे. रात्रीं साडेअकरास १ मिलिग्रॅम डेक्सामेथॅसोन द्यावयाचें. दुसरे दिवशीं दुपारीं चार व रात्रीं अकरा वाजतां रक्त घ्यावयाचें. दोहोंपैकीं एकांतही डेसिलिटरमागें ५ मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक कॉर्टिसॉल निघालें तर कसोटी बिघडलेली समजावयाची. मेलॅन्कोलियाच्या शंभर रोग्यांत ६७ जणांची बिघडलेली निघे; तो नसलेल्या शंभरांत केवळ चौघांची. याचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. कसोटी बिघडलेली निघाली तर निदानास मोठें बळकट प्रमाण मिळे. नीट निघाली तर मेलॅन्कोलिया नाहींच, असें म्हणतां येत नसे, कारण तिघांमागें एक तींतून निसटे. चिकित्सेच्या दृष्टीनें याचें महत्त्व उघड होतें. मेलॅन्कोलियाच्या रोग्यास नुसतें समजावणें पुरत नाहीं; त्यास औषधें व वेळीं विजेचे उपचार द्यावे लागतात, आणि तो जिवावर उदार झालेला असतो.

परंतु आदल्याच वर्षीं, १९८० सालीं, अमेरिकेच्या मनोवैद्यक संघानें आपल्या निदानग्रंथाची तिसरी आवृत्ति काढली होती. तींत 'मेजर डिप्रेशन' या एका विस्तीर्ण सदरांत सर्व जुने भेद ओतले गेले. खिन्न मन आणि आठांपैकीं चार लक्षणें दोन आठवडे असलीं कीं मनुष्य त्या सदरांत येई. मेलॅन्कोलिया उरला तो त्या सदराखालील एक शेरा म्हणून. निरनिराळ्या परीक्षकांचें निदान एकमेकांशीं जुळावें हा यामागील हेतु प्रामाणिक होता. पण जुळणें आणि खरें असणें या दोन गोष्टी होत. पुढील संशोधकांनीं कॅरल यांची कसोटी घेतली ती बहुधा या नव्या विस्तीर्ण सदरावर. आणि तिचा अचूकपणा साहजिकच घसरला. मोडीच्या विशिष्ट वळणावरून एका कारकिर्दीचे कागद ओळखण्याची खूण कोणी बसवावी, दुसऱ्यांनीं ती अठराव्या शतकाच्या सबंध दफ्तरास लावावी, आणि निम्मे कागद तींत बसत नाहींत म्हणून खूणच रद्द करावी, तसें हें झालें. संघाच्या समितीनें १९८७ सालीं या विषयाचा आढावा घेतला, त्यांत सामान्य मेजर डिप्रेशनमध्यें ही कसोटी १०० पैकीं ४० ते ५० रोग्यांत बिघडते असें म्हटलें आहे. भ्रमासहित असणाऱ्या अतितीव्र विषादांत मात्र हा आंकडा ६० ते ७० पर्यंत चढतो. दुसरा आंकडा कॅरल यांच्या आंकड्याशीं किती जुळतो हें वाचकांनींच पाहावें.

तथापि सर्व दोष सदरावर ढकलणें हाही पक्षपात होईल. झपाट्यानें वजन घटलेलें असणें, नुकतीच दारू सुटलेली असणें, स्मृतिभ्रंशाचा रोग, अपस्मारावरील फेनिटॉइनसारखीं औषधें, इतकेंच नव्हे तर रुग्णालयांत दाखल होण्याचा धक्का, या सर्वांनीं कसोटी बिघडूं शकते. गोळी एकच असली तरी एकाच्या रक्तांत ती टिकते व दुसऱ्याच्या रक्तांतून भराभर निघून जाते. कॉर्टिसॉल मोजण्याच्या रीतीही प्रयोगशाळेगणिक वेगळ्या, त्यामुळें एके ठिकाणचे ५ मायक्रोग्रॅम दुसरीकडचे ५ नसत. कॅरल यांस हे अपवाद ठाऊक होते व ते वगळून कसोटी घ्यावी असें त्यांचें सांगणें. परंतु आपल्या लेखाच्या मथळ्यांत त्यांनीं या कसोटीस मेलॅन्कोलियाची 'विशिष्ट' कसोटी म्हटलें, आणि तो शब्द त्यांच्या अंगावर आला. एका विद्यापीठांत निवडून घेतलेल्या रोग्यांवरून इतकें ठाम विशेषण लावणें घाईचें होतें, असें आम्हांस वाटतें.

मुळांत अडचण तर्काची आहे. कसोटी खरी कीं खोटी हें वैद्याच्या निदानाशीं ताडून ठरवावयाचें; आणि वैद्याचें निदान अपुरें म्हणूनच तर कसोटी पाहिजे. या चक्रांतून सुटण्याचा मार्ग म्हणजे निदान बाजूस ठेवून रोग्याचें पुढें काय झालें हें पाहणें, म्हणजे क्रेपेलिन यांचीच जुनी रीति. त्या रीतीनें मिळालेला पुरावा संमिश्र आहे. कोणतें औषध लागू पडेल हें कसोटी सांगत नाहीं. परंतु बिघडलेल्या कसोटीच्या रोग्यांस औषध म्हणून दिलेल्या नुसत्या पोकळ गोळीनें बरें वाटण्याचें प्रमाण कमी असतें; आणि उपचारानंतरही ज्यांची कसोटी सुधारत नाहीं त्यांचा रोग उलटण्याचें भय अधिक. सर्वांत गंभीर साक्ष २००१ सालीं कोरियेल व श्लेसर यांनीं दिली. १९७८ ते १९८१ या काळांत दाखल झालेल्या ७८ रोग्यांचा त्यांनीं पुढील पंधरा वर्षांचा माग काढला. ज्यांची कसोटी बिघडलेली होती त्यांच्यांत आत्मघातानें मरण्याचा अंदाजी धोका शेंकडा २६.८ निघाला, ज्यांची नीट होती त्यांच्यांत शेंकडा २.९. संख्या लहान आहे, व तेवढ्यावर नियम बांधतां येत नाहीं. पण रोगी जिवंत असतां घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांत ही खूण होती, आणि ती वाचण्याची रीत त्यानंतर थोड्याच वर्षांत वैद्यांनीं सोडून दिली, हें मनास लागल्यावांचून राहत नाहीं.

पुढील शोध थोडक्यांत सांगतों. पिट्युटरीसही हुकूम देणारें मेंदूंतील द्रव्य व्हेल यांनीं १९८१ सालीं ओळखिलें, व विषादाच्या रोग्यांच्या कण्यांतील द्रवांत तें वाढलेलें असतें असें नेमेरॉफ यांनीं १९८४ सालीं दाखविलें. अलीकडे शरीरांतील दाह दर्शविणाऱ्या 'सी-रिॲक्टिव्ह' प्रथिनाकडे लक्ष वळलें आहे. औषधांस दाद न देणाऱ्या ६० रोग्यांस रेझन यांनीं दाहशामक इन्फ्लिक्सिमॅब दिलें. १९१३ सालीं नोगुचींनीं जें केलें त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०१३ सालीं, त्याचा निकाल आला. एकंदर रोग्यांस लाभ झाला नाहीं. परंतु ज्यांच्यांत हें प्रथिन आरंभींच लिटरमागें ५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक होतें त्यांस तो होतोसा दिसला. विषाद एक धरला तर औषध निरुपयोगी, अनेक धरला तर कांहींस उपयोगी : वाद पुन्हा गिलेस्पी यांच्याच दारीं येऊन उभा राहिला आहे. मेलॅन्कोलियास स्वतंत्र रोग मानावें असें पार्कर, फिंक, शॉर्टर इत्यादिकांनीं २०१० सालीं सुचविलें होतें. २०१३ सालीं निघालेल्या निदानग्रंथाच्या पांचव्या आवृत्तीनें तें स्वीकारलें नाहीं. तींत मेलॅन्कोलिया शेरा म्हणूनच राहिला, व कोणत्याही रक्तकसोटीस विषादाच्या निदानांत स्थान मिळालें नाहीं. कॅरल २०१८ सालीं वारले.

त्यांची गोळी मात्र प्रचारांत आहे. कुशिंगच्या विकाराची शंका आल्यास ग्रंथिरोगांचे वैद्य आजही रात्रीं अकरा ते बाराच्या दरम्यान तीच १ मिलिग्रॅमची मात्रा देतात व सकाळीं कॉर्टिसॉल मोजतात. हा निकाल वाचतांना फसगत होऊं नये म्हणून कोणत्या अवस्थांत कुशिंगचा विकार नसतांही कॉर्टिसॉल दबत नाहीं, याची यादी त्यांच्या मार्गदर्शक ग्रंथांत दिलेली असते. त्या यादींत मद्यासक्तीच्या शेजारीं तीव्र विषादाचें नांव आहे.